मोहाखालची नावं

मार्च लागला की माझा वर्ग बिघडतो. बाकी वर्षभर मी बरी शिकवते, निदान समोरची पोरंपोरी झोपत नाहीत. पण आमच्या प्रशिक्षण केंद्राच्या मागच्या कुंपणाशी एक मोहाचं झाड आहे, आणि चंद्रपूरचं ऊन चढायच्या आत, सकाळच्या पहिल्याच तासाला, त्याचा वास खिडकीतून आत येतो. गोड, जड, किंचित आंबूस. सवय नसलेल्याचं डोकं धरतं, सवय असलेल्याला भूक लागते. मी मात्र बोलता बोलता मध्येच थांबते. पोरींना वाटतं, मॅडमचं बीपी वाढलं. एकीनं तर परवा पाण्याची बाटलीच पुढे केली.

माझा विषय मोठा भारदस्त आहे, ‘कार्यालयीन ज्ञानाची देवाणघेवाण आणि नेतृत्व’. नाव ऐकूनच जांभई यावी. अर्थ साधा आहे. एकाला जे ठाऊक आहे ते दहांना ठाऊक व्हावं, आणि एखादा वनरक्षक किंवा वनमजूर निवृत्त झाला म्हणून त्याच्या डोक्यातलं जंगलही त्याच्यासोबत घरी जाऊ नये. हे मी उदाहरणं देऊन सांगते. उदाहरणं दुसऱ्यांची असतात, छापील असतात, आणि पोरं ती वहीत उतरवून घेतात. माझ्या स्वतःच्या नोकरीतलं म्हणावं असं एकच उदाहरण माझ्याजवळ आहे. ते मी आजवर एकाही वर्गाला दिलेलं नाही.

मी कोरपन्याकडची. काळी जमीन, कापूस, आणि दूरवर सिमेंट कारखान्यांच्या चिमण्या. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. आमच्या घरी भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि खाली बाबांची पुस्तकांची पेटी, तिला कुलूप नाही. गल्लीतलं कोणीही यावं आणि पुस्तक न्यावं. अर्धी पुस्तकं परत येत नसत. आई कुरकुरायची, बाबा म्हणायचे, ‘‘जाऊ दे वं. विद्या लपवणाऱ्यानंच आपल्याले इतकी वर्षं दारात उभं ठेवलं. आपण काऊन लपवाव?’’ हे वाक्य माझ्या हाडात मुरलं. पुढे मी वनखात्यात रेंजर झाले, तेव्हा ‘‘मले माहीत आहे पण मी सांगत नाई’’ असा चेहरा करून बसणारा माणूस दिसला की माझं टाळकं सणकायचं. आता मागे वळून पाहते तेव्हा वाटतं, बाबांचं काही चुकलं नव्हतं. मीच ते वाक्य भलत्या ठिकाणी नेऊन लावलं.

अहेरीकडच्या एका रेंजला माझी बदली झाली तेव्हा वणव्याचा हंगाम तोंडावर होता. होळीच्या आगेमागे तिथलं जंगल सगळी पानं टाकून मोकळं होतं. चालताना पायाखाली पापड मोडल्यासारखा आवाज येतो. आणि त्याच दिवसांत मोह फुलतो. मोहाची फुलं झाडावरून तोडत नाहीत, ती आपोआप पडतात, पहाटेपासून ऊन तापेपर्यंत, टप, टप. फिकट, रसरशीत, मण्यांएवढी. पाचोळ्यात पडली तर दिसत नाहीत. म्हणून लोक आदल्या दिवशी झाडाखालचा पाचोळा पेटवून जागा साफ करतात. झाडाखाली विझलेली वाटणारी ती आग कधी कधी वारा लागून चालायला लागते आणि डोंगर काळा करून थांबते. आमच्या भागातले बरेच वणवे असे मोहाखालून निघत. आमच्या मोबाइलवर उपग्रहाचा संदेश यायचा, अमुक ठिकाणी आग. आम्ही पाठीवर पानं उडवायची मशीन आणि हातात हिरव्या फांद्या घेऊन धावायचो. पोहोचेपर्यंत राख. आग कोणी लावली विचारलं तर अख्खं गाव आकाशाकडे बघायचं.

मात्र एक पट्टा जळत नव्हता. सगळ्या रेंजचा नकाशा लाल ठिपक्यांनी गोवर आल्यासारखा दिसायचा आणि तो एक तुकडा हिरवागार. तिथे दसरूभाऊ हे आमचे वनमजूर होते. पन्नाशी उलटलेले, बारीक, गुडघ्यापर्यंत धोतर आणि वर खात्याचा खाकी शर्ट, बटणं नेहमी एक घर चुकलेली. त्याच जंगलातल्या गावचे. मीटिंगला यायचे आणि भिंतीला टेकून उकिडवे बसायचे. खुर्ची दिली तर ती स्वतःच्या बाजूला ठेवायचे आणि तिच्यावर टोपी.

मी त्यांना एकदा गाठलंच. म्हटलं, ‘‘दसरूभाऊ, तुमचा पट्टा जळत का नाही?’’

‘‘जळते ना मॅडम. थोडं थोडं जळते.’’

‘‘मला शिकवा.’’

ते हसले. ‘‘तुमी साहेब. तुमाले म्या काय शिकवू, बाप्पा?’’

‘‘मी साहेब असेन, पण माझं जंगल जळतं. तुमचं नाही जळत. मग साहेब कोण?’’

हे त्यांना आवडलं असावं. दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडता उजाडता ते माझ्या क्वार्टरसमोर उभे होते.

त्या पंधरवड्यातल्या सकाळी मला अजून दिसतात. हवेत गारवा शिल्लक असायचा. झाडाखाली बायका वाकून वेचत असायच्या, टोपल्या भरत आलेल्या, कोणाच्या पाठीला लेकरू. बोटं चिकट झालेली. वर पाखरांची झुंबड. दसरूभाऊ आधी खोकायचे, मग पुढे जायचे, कारण कधी कधी आपल्या आधी अस्वल फुलं खायला आलेलं असतं. ‘‘त्याले सांगाव लागते मॅडम, का आमी येऊन राह्यलो. नाईतर त्याले राग येते.’’ असं म्हणून ते अस्वलाशी बोलल्यासारखे मोठ्यानं बोलत चालायचे. मी हसायची. मागून चालणारा आमचा वनरक्षक, गार्ड, तोही हसायचा.

आणि चालता चालता ते मला झाडं सांगायचे. जंगल सरकारचं, पण मोहाचं झाड घराचं. कुठे लिहिलेलं नाही, कुठे कुंपण नाही, पण कुठलं झाड कोणाचं हे सगळ्या गावाला पाठ. हे झाड दोन भावांचं, एक दिवसाआड वेचतात, कारण बाप जाताना वाटणी करून गेला नाही. ते झाड एका घरानं लेकीला लग्नात दिलं, ती दरवर्षी हंगामापुरती माहेरी येते. ते वाकडं झाड कोणाचंच नाही, ज्याच्याजवळ झाड नाही त्यानं तिथे वेचावं. पलीकडच्या झाडावरून तिघांचं भांडण आहे, म्हणून त्याच्याखाली कोणी झाडत नाही, रागारागानं पेटवून देतात.

‘‘मंग तुम्ही काय करता?’’ मी विचारलं. माझी भाषाही एव्हाना त्यांच्यासारखी व्हायला लागली होती.

‘‘काई नाई. संध्याकाळी त्याईच्या घरी जातो. बसतो. पावसाचं बोलतो, बैलाचं बोलतो. निंघाच्या टायमाले म्हणतो, उद्या झाडू घेऊन येतो बरं, दोघं मिळून झाडू. माणूस शरमते. दुसऱ्या दिवशी आपणच झाडून ठेवते.’’

एवढंच. कुठल्या झाडाखाली धूर निघू शकतो आणि त्यासाठी कोणाच्या ओसरीवर जाऊन बसायचं, हे त्या माणसाला ठाऊक होतं. मी थक्क झाले. मनात म्हटलं, हा माणूस दोन-तीन वर्षांत निवृत्त होईल आणि हे सगळं चुलीत जाईल. मी डायरी काढली. झाड दिसलं की ठिकाण मोबाइलमध्ये टिपायचं आणि डायरीत घराचं नाव. दसरूभाऊंनी एकदा डायरीकडे पाहिलं. ‘‘एवढं लिवता काऊन मॅडम? ध्यानात नाई राहात का?’’ मी म्हटलं, राहत नाही, माझं डोकं तुमच्यासारखं नाही. ते म्हणाले, ‘‘लिवा मंग.’’ त्यांचा होकार तेवढाच. पुढे हे कोणाकोणाला दाखवणार, हे मी त्यांना सांगितलं नाही. सांगायला हवं हे माझ्या मनातच आलं नाही. मला वाटत होतं मी पुण्याचं काम करते आहे.

नोकरीतले सगळ्यात सुखाचे दिवस कोणते म्हणाल तर तेच. लग्न मी केलं नाही, क्वार्टरमध्ये एकटी राहायची, पण त्या पंधरवड्यात एकटं वाटलं नाही. परत येताना दसरूभाऊंच्या घरी थांबायचो. त्यांची बायको जैनीबाई अंगणात फुलं वाळत घालत असायची. चटईभर फुलं उन्हात तपकिरी होत जायची. ती एका वाटीत उकडलेली फुलं आणि भाजलेल्या जवसाची पूड द्यायची. म्हणायची, ‘‘खा बाई. तुमच्या अंगावर मासच नाई. सरकार खाऊ देत नाई का?’’

उन्हाळा संपला. त्या वर्षी आमच्या रेंजच्या नकाशावर लाल ठिपके कमी झाले होते. जिल्ह्याच्या बैठकीत मी मोहाच्या झाडांचा नकाशा पडद्यावर टाकला. झाडावर बोट ठेवलं की घराचं नाव उघडायचं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, खरंच वाजवल्या. एक वरिष्ठ म्हणाले, याला म्हणतात संस्थेचं शिकणं, हे सगळ्यांना द्या. दिलं. मी दसरूभाऊंचं नावही घेतलं, मोठ्या अभिमानानं, पडद्यावर त्यांचा फोटो दाखवून. मी बाबांना फोन केला. बाबा म्हणाले, ‘‘शाब्बास बेटा.’’

पुढच्या मार्चमध्ये आग लागली. उपग्रहाचा ठिपका आला तो नेमका एका नोंदवलेल्या मोहावर. आता कोणाला शोधायचं कामच नव्हतं. ठिपका, झाड, नाव. कार्यालयातून नोटिसा छापून आल्या आणि सहीला माझ्या टेबलावर ठेवल्या गेल्या. त्या दिवशी दुसऱ्या टोकाला जंगल पेटलेलं होतं, मी बूट चढवत होते, गाडी सुरू होती. उभ्या उभ्या सह्या केल्या. नावं वाचली नाहीत. याला घाई म्हणा, माज म्हणा, आता मला दोन्ही पटतं.

त्यातली एक नोटीस ताराबाईच्या नावची होती. ताराबाई म्हणजे दसरूभाऊंच्या मेलेल्या थोरल्या भावाची बायको. एकच झाड, त्याच्यावर वर्षाचा तेल-मिठाचा आधार. तिला अहेरीच्या वरच्या कार्यालयात बोलावलं. ती पहाटे निघून चालत आणि मग बसनं आली आणि दिवसभर बाकावर बसून राहिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावलं, कारण तिथले साहेब भेटले नाहीत. तिसऱ्या दिवशी पुन्हा. मोहाची फुलं कोणासाठी थांबत नाहीत. ती बाकावर बसली होती आणि तिकडे तिची फुलं जमिनीवर पडून सडत होती. शिवाय आग तिनं लावलीच नव्हती. ती तर दर वर्षी झाडून घ्यायची. वाटेनं जाणाऱ्या कोणीतरी बिडी टाकली होती. हे आमच्या गार्डला ठाऊक होतं, पण नकाशात बिडीसाठी जागा नव्हती. झाड ज्याचं, आग त्याची, असं आम्ही ठरवून टाकलं होतं. जगात दुसरीकडे कोणी अशी चूक करत असेल असं मला वाटत नाही.

मला कळलं तेव्हा मी धावले. केस मागे घ्यायला लावली, त्यात दोन महिने गेले. पण गावानं त्याच्या कितीतरी आधी हिशेब लावून घेतला होता. आमच्या घरचं झाड सरकारच्या मोबाइलमध्ये गेलं कसं? दसरूनं दिलं.

नव्या हंगामाची पहिली फुलं वेचण्याआधी त्या गावात पूजा होते आणि सगळं गाव एकत्र जेवायला बसतं. पुढच्या वर्षी दसरूभाऊंना बोलावणं आलं नाही. जैनीबाईनं तरी पोतंभर तांदूळ नेऊन ठेवला. तो कोणी उचलला नाही, कोणी नकोही म्हटलं नाही. संध्याकाळी तिनं तो परत आणला. हे मला आमच्या गार्डनं सांगितलं, खाली बघत. त्यानं मला आपणहून सांगितलेली ती शेवटची गोष्ट.

कारण त्यानंतर माझ्याशी सगळे नीट वागायला लागले. नमस्कार मॅडम, जी मॅडम, झालं मॅडम. आग कशानं लागली? ‘‘माहीत नाई मॅडम.’’ पाणवठा कधी आटला? ‘‘माहीत नाई मॅडम.’’ पलीकडच्या नाल्यात वाघाचे ठसे दिसले का? ‘‘पाहून सांगतो मॅडम.’’ मी दुपारी डबा उघडायची तेव्हा बाजूच्या खोलीत चाललेलं हसणं बंद व्हायचं. मी पाणी प्यायला उठले की लोक फायली उघडायचे. माझ्या संगणकात जिल्ह्यात कुठेच नव्हती एवढी माहिती भरलेली होती आणि मला उद्याचा वारा कुठला, हे सांगणारं कोणी उरलं नव्हतं. रेंजर नवा आला की त्याला असंच वागवतात, हे मला माहीत होतं. पण मी नवी नव्हते. मी त्यांच्यातलीच झाले होते आणि मग मला बाहेर काढलं होतं. या एकटेपणाला नाव नाही. क्वार्टरमधल्या एकटेपणाची मला सवय होती, हा भर ऑफिसात, चाळीस माणसांत होता. आणि दसरूभाऊ? ते ड्यूटीवर यायचे, भिंतीला टेकून बसायचे, मीटिंग संपली की उठायचे. मी एकदा म्हटलं, दसरूभाऊ, उद्या सकाळी जाऊ का फिरायला? ते म्हणाले, ‘‘गुडघा दुखते मॅडम.’’

मी नकाशातली नावं काढून टाकायला वर पत्र लिहिलं. उत्तर आलं, उपयुक्त माहिती नष्ट करता येणार नाही. पुन्हा लिहिलं. पुन्हा पुन्हा. माझी बदली झाली, मग इथे प्रशिक्षण केंद्रात आले. इथूनही लिहीत राहिले. बाबा गेले त्याच्या थोडं आधी मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, ‘‘ज्याच्याजवळ बाकी काईच नसते बेटा, त्याचं लपवलेलं वेगळं असते. हे मले आधी सुचाले पाहिजे होतं.’’ म्हातारा माणूस, स्वतःवर घेऊन मोकळा झाला. मला त्यांचा फार राग आला आणि मग फार रडू आलं.

यंदा मार्चच्या सुरुवातीला पत्र आलं. नकाशावरून घरांची नावं वगळली आहेत. एका ओळीचं. ते हातात घेऊन मी वर्गात गेले, शिकवलं, आणि शनिवारी बस पकडून अहेरी गाठली. दुसऱ्या दिवशी पहाटे जीप, पुढे पायी. वाटेवर ठिकठिकाणी झाडांखाली बायका वेचत होत्या. मला पाहून कोणी हात थांबवला नाही, कोणी मान वर केली नाही.

दसरूभाऊ अंगणात खाटेवर बसलेले होते. निवृत्त झालेत. केस पांढरे झालेत, बटणं आताही एक घर चुकलेली. ‘‘अवं, मॅडम! या, या, बसा.’’ खरोखर आनंद झालेला दिसला. जैनीबाईनं पाणी आणलं, माझ्या दंडाला हात लावून पाहिला आणि ती चुकचुकली. अंगणात फुलं वाळत होती. भिंतीशी दोन-तीन शेजारी येऊन बसले होते, दसरूभाऊंशी हसत बोलत होते. मला बरं वाटलं. म्हणजे गावानं त्यांना परत घेतलं होतं.

शेजारी उठून गेल्यावर मी पत्र काढलं आणि वाचून दाखवलं. मग जे सांगायला आले होते ते सांगितलं. ‘‘माझी चूक झाली, दसरूभाऊ. तुम्हाला न विचारता मी सगळ्यांना दिलं. ताराबाईच्या कागदावर सही माझी होती.’’

ते खाटेची दोरी बोटानं ओढत राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं. ‘‘म्या तुमाले सांगतलं होतं मॅडम,’’ ते हळूच म्हणाले. ‘‘हापिसाले नाई.’’

‘‘हो,’’ मी म्हटलं.

जैनीबाईनं वाटी आणून दिली. आम्ही खाल्लं. पावसाचं बोललो. बैलाचं बोललो. ताराबाईच्या तब्येतीचं, माझे बाबा गेल्याचं, सगळं बोललो. एवढ्या वर्षांत मी कोणाशी इतकं बोलले नव्हते. बोलता बोलता मला जुन्यासारखं वाटायला लागलं, आणि त्या भरात मी अंगणापलीकडच्या एका फुललेल्या झाडाकडे पाहून सहज विचारलं, ‘‘हे मी आधी पाहिलं नव्हतं. कोणाचं हे?’’

दसरूभाऊंनी जैनीबाईकडे पाहिलं. ती उठून आत गेली.

‘‘गावात म्या उभा राह्यलो होतो मॅडम,’’ ते म्हणाले. ‘‘देवासमोर. आता जंगलखात्याच्या माणसाले काईच सांगणार नाई, असं बोललो. तवा त्याईनं मले जेवाले बसवलं.’’

मी वाटी खाली ठेवली.

‘‘तुमी आल्या, लय बरं वाटलं. दरसाल या. जैनी बी वाट पाहते. पण मले झाडाचं काई इचारू नका,’’ आणि पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिलं. ‘‘मंग मले तुमाले ‘माहीत नाई’ म्हणाव लागते. तुमच्यासंग खोटं बोलाले मले बरं नाई वाटत.’’